कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ तैलरंगात: एक-तृतीयांश आकाराची अभ्यासप्रत कशी करावी

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (म्हणजे ‘गवताचा गाडा’) हे 1821 सालचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकार 130.2 × 185.4 सेंमी. स्थळ इंग्लंडमधल्या सफोक आणि एसेक्स परगण्यांच्या सीमेवरचं फ्लॅटफर्ड. कॉन्स्टेबलच्या वडिलांची पाणचक्की तिथेच होती. डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, मागे गर्द झाडी, मध्ये स्टूर नदीच्या उथळ पाण्यात तीन घोड्यांचा गाडा आणि उजवीकडे ऊन पडलेलं कुरण. कुरणात अगदी लांब गवत कापणारी माणसं दिसतात. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात हे चित्र मांडलं तेव्हा त्याचं नाव ‘निसर्गदृश्य: दुपार’ असं होतं.

तैलरंगात निसर्गचित्र शिकायचं असेल तर प्रत करण्यासाठी याच्याइतकं उपयोगी चित्र सापडणं अवघड आहे. आकाश, झाडं, पाणी, कौलारू घर, जनावरं आणि लाकडी गाडा असं सगळंच त्यात एका उजेडात बांधलेलं आहे. खरी शिकवण मात्र हिरव्या रंगाची. कुरणाचा हिरवा जिवंत दिसतो तो अनेक वेगवेगळे हिरवे शेजारी शेजारी ठेवल्यामुळे, हे कॉन्स्टेबलचं म्हणणं फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. खालची सगळी कृती त्याच सूत्राभोवती बेतली आहे.

आधी चित्र नीट वाचा

नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघता येतं. रंगाला हात लावण्याआधी एक तास फक्त बघण्यात घालवा. काठावरचा कुत्रा, घराजवळ पाण्याशी वाकलेली बाई, उजवीकडे झुडपांत होडीजवळचा कोळी, लांबचे गवत कापणारे हे सगळे शोधून काढा. मग डोळे किलकिले करून पुन्हा बघा. तपशील पुसले जातात आणि तीन मोठे भाग उरतात: डावीकडचा काळोखा झाडांचा ढीग, उजवीकडचं उजळ कुरण आणि वर ढगाळ आकाश. गाडा नेमका अंधार आणि उजेड यांच्या मध्ये उभा आहे. प्रत जमली की फसली, ते या तीन भागांच्या तोलावर ठरतं. पानं, कौलं, चाकाचे आरे या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

कॉन्स्टेबलने मोठं चित्र एकदम हातात घेतलं नव्हतं. या चित्राचा जवळजवळ तेवढ्याच आकाराचा कच्चा तैलखर्डा त्याने आधी केला. तो लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खर्ड्यात काठावर एक घोडेस्वारही आहे. मूळ चित्रातही त्याने तो आधी काढला होता, मग त्याच्या जागी पिंप रंगवलं आणि शेवटी तेही झाकून टाकलं. तैलरंगाचा थर वर्षं जातील तसा पारदर्शक होत जातो, त्यामुळे त्या झाकलेल्या आकाराची खूण आज तिथे जाणवते. यातून घ्यायचा धडा असा: चुकलेला भाग पातळ रंगाने झाकू नका. ओला असेल तर पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पातळ सुरीने) खरवडून काढा, वाळला असेल तर बारीक सँडपेपरने घासा आणि मगच वर रंगवा.

आकार आणि कॅनव्हास

मूळ चित्राची रुंदी उंचीच्या 1.424 पट आहे. दुकानात तयार मिळणारा 18 × 24 इंची कॅनव्हास इथे चालत नाही. त्याची उंची जास्त पडते आणि मग आकाश ताणलं जातं किंवा पुढचा काठ नको तितका रुंद होतो. 17 × 24 इंचाची स्ट्रेचर-चौकट (कापड ताणून बसवायची लाकडी चौकट) करून घ्या. रुंदी 24 इंच धरली की उंची 16.85 इंच हवी, म्हणजे खाली साधारण 4 मिलीमीटरची पट्टी जादा राहते. ती पेन्सिलीने आखून सोडून द्या, फ्रेममध्ये दबून जाईल. सरावाला A4 कागद आणि बघून काढण्यासाठी चित्राची A3 कागदावरची छापील प्रत घ्या. या कागदांचं प्रमाण 1.414 आहे, मूळ चित्राला जवळजवळ तंतोतंत.

कापड मध्यम पोताचं घ्या, सुती चालेल, लिनन असेल तर उत्तम. फार गुळगुळीत कापडावर कॉन्स्टेबलचे तुटक फटकारे धरत नाहीत. जेसोचे (कापडावर रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. प्रत्येक हात वाळल्यावर 220 नंबरच्या सँडपेपरने हलका घासा. तिसरा हात वाळल्यावर किमान एक दिवस जाऊ द्या.

मग पांढऱ्या कॅनव्हासला मातकट गुलाबीसर रंग द्यायचा. ॲक्रिलिकमध्ये बर्न्ट सिएना 3 भाग, यलो ऑकर 2, पांढरा 4 आणि अल्ट्रामरीनचा नखभर ठिपका असं मिश्रण पाण्याने सैल करून रुंद ब्रशने लावा. हे काम तैलरंगात केलंत तर वाळायला आठवडा जाईल, ॲक्रिलिक तासाभरात वाळतो. ही पायरी वगळू नका. कॉन्स्टेबल तपकिरी-गुलाबी छटेच्या अस्तरावर काम करत असे आणि त्याच्या झाडांमधून ते अस्तर जागोजागी डोकावतं. हिरव्याच्या फटीतून तांबूस रंग दिसला की हिरवा आपोआप उजळतो. पांढऱ्या कॅनव्हासवर त्याच फटी भोकांसारख्या दिसतात आणि त्या बुजवण्याच्या नादात झाडाचा गोळा होतो.

रंग, ब्रश, तेल

टायटॅनियम व्हाइटच्या 40 मिलीच्या दोन ट्यूब लागतील. बाकीचे रंग 20 मिलीचे पुरतात: यलो ऑकर, कॅडमियम यलो लाइट, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, कॅडमियम रेड लाइट, परमनंट अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि आयव्हरी ब्लॅक. तयार हिरवी ट्यूब घेऊ नका. घरात असेल तर हे काम होईपर्यंत खणात ठेवून द्या.

कॉन्स्टेबलच्या काळी पांढरा म्हणजे लेड व्हाइट, म्हणजे शिसं. तो विषारी आहे आणि या कामासाठी त्याची गरज नाही. पण टायटॅनियम व्हाइट त्याच्यापेक्षा थंड आणि कितीतरी जास्त झाकणारा आहे, हे लक्षात असू द्या. मिश्रणात अंदाजापेक्षा निम्माच घ्या आणि आकाशासाठी त्यात यलो ऑकरचा कण मिसळून ठेवा. नाहीतर सगळं चित्र खडूने घासल्यासारखं दिसतं. झिंक व्हाइट खालच्या थरांत वापरू नका, त्याचा पापुद्रा काळाने ठिसूळ होतो.

ब्रश: ब्रिसलचे म्हणजे राठ केसांचे फ्लॅट (सपाट, चौकोनी टोकाचे) 12 आणि 8 नंबर, फिल्बर्ट (सपाट, गोलसर टोकाचे) 6 आणि 4, मऊ राउंड (गोल) 2, आऱ्यांसाठी आणि लगामासाठी एक लांब केसांचा रिगर, शिवाय टोकदार पॅलेट नाइफ. टर्पेंटाइन आणि लिन्सीड ऑइल (जवसाचं तेल) प्रत्येकी 100 मिली पुरे.

पहिल्या थरात फक्त टर्पेंटाइन. दुसऱ्यात टर्पेंटाइन 3 भाग आणि तेल 1. शेवटच्या थरात निम्मं निम्मं. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी जास्त तेलकट हवा. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळून कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. लिन्सीड हवेशी संयोग पावताना तापतं आणि अशा चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाणी भरलेल्या डब्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

रेखाटन

A3 प्रतीवर आणि कॅनव्हासवर रुंदीचे 8 आणि उंचीचे 6 सारखे भाग पाडा. चौकटी पूर्ण चौरस येत नाहीत, बिघडत नाही; दोन्हीकडे भाग तेवढेच असले की झालं. कोळशाने फक्त मोठ्या कडा घ्या: झाडांची वरची रेघ, घराचं छप्पर, पाण्याचा काठ, क्षितिज, गाड्याची पेटी. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरने त्या पक्क्या करा आणि कोळसा कापडाने झटकून टाका. तो राहिला तर आकाशात मिसळून ते मळकं करतो.

दोन ठिकाणी चूक हमखास होते.

पहिली चाकांत. चाक तिरकं दिसतं म्हणून त्याची लंबवर्तुळाकृती येते आणि तिची आखूड मध्यरेषा आसाच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) दिशेत असावी लागते. नुसत्या अंदाजाने उभं अंडं काढलं की गाडा पाण्यावर तरंगतो. आधी आस, मग तुंबा (चाकाचा मधला गाभा), मग धाव (बाहेरची लोखंडी पट्टी) आणि आरे सगळ्यात शेवटी. चाकाचा काही भाग पाण्याखाली आहे, तरी रेखाटताना पूर्ण चाक काढा आणि नंतर पाण्याने कापा. गाडा पाण्यात का, असा प्रश्न पडतो. उथळ ठिकाणाहून नदी ओलांडून कुरणात जायचं हे आहेच. शिवाय कडक उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसून लोखंडी धाव सैल होते, ती घट्ट बसावी म्हणून गाडे पाण्यात उभे करण्याची रीत होती. बैलगाडीचं लाकडी चाक वापरलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दुसरी चूक प्रतिबिंबात. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या रेषेतच पडतं. सावलीसारखं ते बाजूला सरकत नाही. घराच्या धुराड्यापासून सरळ खाली पट्टी धरून तपासा.

काळोख आधी

रॉ अंबर आणि अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये सैल करून झाडांचा ढीग, घराची सावलीची बाजू, पाण्यातले गडद पट्टे आणि गाड्याचा खालचा भाग भरा. तीनच छटा वापरा: गडद, मध्यम आणि अस्तराचा मूळ रंग. पांढरा अजिबात नको. हे एका बैठकीत उरका आणि तीन मीटरवरून बघा. गाडा आणि कुरण ओळखू येत नसेल तर पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा. पुढच्या कोणत्याही तपशिलाने ही उणीव भरून निघत नाही.

दोन-तीन दिवस वाळू द्या.

आकाश

चित्राचा सूर आकाशातून ठरतो, असं कॉन्स्टेबल मानत असे. 1821 आणि 1822 मध्ये त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून ढगांचे कितीतरी अभ्यास केले. म्हणून आकाश आधी, आणि एकाच ओल्या बैठकीत, दोन-तीन तासांत.

चार ढीग करून ठेवा. वरचा निळा: अल्ट्रामरीन 1, पांढरा 4, प्रशियनचा कण. क्षितिजाजवळचा निळा: तोच, पण पांढरा दुप्पट आणि यलो ऑकरचा ठिपका. ढगाची सावली: अल्ट्रामरीन 2, बर्न्ट सिएना 1, पांढरा 6. ढगाचा उजेड: पांढरा आणि ऑकरचा कण. 12 नंबरच्या फ्लॅटने आधी राखाडी, मग निळ्या खिडक्या, शेवटी उजेड. ढगांचे तळ सपाट आणि गडद, माथे गोल आणि उजळ ठेवा. क्षितिजाकडे जाताना ढग लहान, चपटे आणि एकमेकांजवळ येतात. वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे ढग काढले की आकाश भिंतीला चिकटवलेल्या कागदासारखं उभं राहतं.

मऊ ब्रशने घोटत बसू नका. घोटलेला ढग साबणाच्या फेसासारखा होतो. झाडांची बाहेरची कड आकाश ओलं असतानाच थोडी आत ओढून घ्या, म्हणजे पानांचे शेंडे हवेत मिसळतात. आणि ढगांची सावली जमिनीवरही पडते हे विसरू नका: कुरणावरचे उजळ आणि मंद पट्टे वरच्या ढगांचेच आहेत.

सहा हिरवे

इथे घाई केली की सगळं चित्र वाया जातं. पॅलेटवर खालचे सहा ढीग आधी तयार करा आणि प्रत्येकाचा एक ठिपका A3 प्रतीवर ठेवून जुळवा.

झाडांच्या पोटातला काळोख: अल्ट्रामरीन 2, बर्न्ट सिएना 2, रॉ सिएना 1.
मधला हिरवा: यलो ऑकर 6, प्रशियन 1, बर्न्ट सिएना अर्धा.
उन्हातलं पान: कॅडमियम यलो 3, ऑकर 2, पांढरा 1, प्रशियन सुईच्या टोकावर मावेल एवढा.
लव्हाळे आणि काठाचं गवत: कॅडमियम यलो 3, आयव्हरी ब्लॅक 1. काळ्यापिवळ्यातून शेवाळी रंग येतो.
दूरची झाडं: अल्ट्रामरीन 2, ऑकर 2, पांढरा 5, अलिझरिनचा कण.
उन्हातलं कुरण: ऑकर 4, पांढरा 4, कॅडमियम यलो 1, अल्ट्रामरीन अर्धा.

प्रशियन ब्लू फार जोरकस आहे. तो नेहमी पिवळ्यात कणाकणाने घाला. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब संपते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्या डोळ्यात श्रावणातला कोकणी हिरवा बसलेला असतो, लखलखीत आणि पिवळट. सफोकच्या उन्हाळ्यातला हिरवा त्याहून राखाडी आणि तपकिरीकडे झुकलेला असतो. मिश्रण ओळखीचं आणि सुंदर वाटलं तर बहुधा ते जास्त तेजस्वी झालेलं असतं. त्यात कॅडमियम रेडचा कण घालून दाबा.

रंगवताना दूर ते जवळ या. दूरची झाडं आणि कुरण सपाट, कमी तपशिलाचे ठेवा; गवत कापणारे म्हणजे पांढरट ठिपके, त्यांना हातपाय काढायला जाऊ नका. मोठ्या झाडांत 6 नंबरच्या फिल्बर्टने काळोखावर मधला हिरवा तुटक टेकवा. टेकवायचा आणि उचलायचा, पुसायचा नाही. अस्तराची साधारण दशांश जागा उघडी राहू द्या. एक हिरवा लावला की शेजारी दुसरा, आणि मध्ये कुठेतरी बर्न्ट सिएनाचा डाग. उन्हातलं पान सगळ्यात कमी, फक्त फांद्यांच्या वरच्या टोकांवर.

घर आणि पाणी

घराचं छप्पर कॅडमियम रेड वापरून लाल करू नका. बर्न्ट सिएना 3, ऑकर 1, अल्ट्रामरीन अर्धा आणि थोडा पांढरा एवढ्यावर थांबा. भिंती पांढऱ्या वाटतात, पण ढगाच्या उजेडाशेजारी धरून बघा, बऱ्याच मंद आहेत. त्यांत ऑकर आणि राखाडी हवाच.

पाण्यात वरच्या वस्तूचा उजेड थोडा मंद होतो आणि काळोख थोडा उजळतो. आधी प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढा, मग स्वच्छ कोरड्या फ्लॅटने एकदाच आडवं फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं की चिखल होतो. चाकांभोवती आणि घोड्यांच्या पायांपाशी आकाशाच्या राखाडीच्या बारीक, तुटक आडव्या रेघा द्या. एवढ्यावर पाणी उथळ आणि हलतं दिसतं.

गाडा, घोडे आणि लाल

आता खालचं सगळं हाताला चिकटणार नाही इतकं वाळलेलं हवं, साधारण आठवडाभर. गाडा रॉ अंबर, ऑकर आणि करड्यात घ्या. आऱ्यांसाठी आधी मधल्या फटींतून दिसणारं पाणी रंगवा, मग रिगरने प्रत्येक आरा एका फटक्यात ओढा. रंग दुधासारखा सैल नसेल तर रेघ मध्येच तुटते.

घोडे काळ्या ट्यूबने रंगवले तर कात्रीने कापलेले दिसतात. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा काळा करा, पाठीवर आकाशाचा राखाडी उजेड टाका. साजावरचा लाल हा या चित्रातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोलाचा रंग. शुद्ध कॅडमियम रेड लाइट, 2 नंबरच्या राउंडने, मोजके ठिपके. भोवतालचा सगळा हिरवा त्या थेंबभर लालमुळे जागा होतो. बाईच्या कपड्यांत किंवा कौलांत तोच शुद्ध लाल पुन्हा वापरलात तर ही जादू संपली.

पांढरे शिंतोडे

कॉन्स्टेबलच्या चित्रांतल्या पांढऱ्या ठिपक्यांना त्याच्या काळातले टीकाकार ‘बर्फ’ म्हणून हिणवत. ओल्या पानावर, पाण्याच्या काठावर, लाकडाच्या कडेवर चमकणारा उजेड आहे तो. पांढऱ्यात ऑकरचा कण, तेल अजिबात नाही; हे सुटे ठिपके आहेत, सलग थर नव्हे, म्हणून वरचा थर तेलकट ठेवायची गोष्ट इथे लागू नाही. रंग कागदावर अर्धा तास ठेवून त्यातलं जादा तेल शोषून घ्या. पॅलेट नाइफच्या टोकाने किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने टेकवा. आधी पाण्याचा काठ, मग चाकांजवळचं पाणी, मग गाड्याच्या कडा, शेवटी थोडी पानं. दर दहा-बारा टिंबांनंतर मागे सरका. ठिपके सारख्या अंतरावर दिसू लागले की थांबा आणि काही नाइफने उचलून टाका. ही पायरी ओल्या हिरव्यावर केली तर पांढरा पोपटी होऊन बसतो, म्हणून वाळण्याची वाट बघायलाच हवी.

वाळवणं, व्हार्निश आणि मागची चिठ्ठी

तैलरंग वाळतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे. रॉ अंबर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट रेंगाळतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे सगळं आणखी लांबतं आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. चित्र भिंतीला टेकवून ठेवू नका; मागून वारा खेळेल असं उभं करा, खोलीत उजेड येऊ द्या. अंधारात वाळलेलं लिन्सीड पिवळं पडतं. अंतिम व्हार्निश सहा महिन्यांनी, शिंतोडे जाड असतील तर वर्षाने, आणि तेही कोरड्या हवेच्या महिन्यात.

कॅनव्हासच्या मागे न पुसणाऱ्या शाईने लिहा: जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ (1821) या चित्रावरून केलेली अभ्यासप्रत, तुमचं नाव, तारीख आणि वापरलेले रंग. पुढच्या बाजूला कॉन्स्टेबलची सही उतरवू नका. सही घालायचीच असेल तर स्वतःची, खाली राखलेल्या त्या 4 मिलीमीटरच्या पट्टीच्या वर, नाहीतर ती फ्रेममध्ये जाईल.